राजकीय चर्चेचा गट टिकवताना

कोल्हापुरातील आमच्या राजकीय चर्चेच्या व्हॉट्सॲप गटात निवडणूक जवळ आली की भांडणे पेटत आणि निकाल लागला की महिनोन्महिने कोणी चकार शब्द काढत नसे. भांडणाचे मूळ मतभेदांत नसून, कोणी लिहिले हे ठाऊक नसलेल्या फॉरवर्डमध्ये असल्याचे माझ्या लक्षात आले. कारण स्वतः लिहिणारा माणूस उत्तर देण्यास बांधील राहतो, पुढे ढकलणारा राहत नाही. म्हणून फॉरवर्ड सरसकट बंद केले. व्यक्तीवर घसरणारा संदेश ॲडमिनने काढून टाकावा, मात्र त्याचे कारण गटातच लिहावे, असे ठरले. ॲडमिनही वेगवेगळ्या विचारांचे नेमले. वाद विकोपाला गेल्यास फक्त ॲडमिनना लिहू देणारी सेटिंग एका रात्रीपुरती लावतो, अधिक काळ नाही.

उदासीनता मात्र भांडणापेक्षा चिवट निघाली. दिल्लीच्या राजकारणावर बोलण्यास सर्वांनाच आवडते (आम्ही कोल्हापूरकर तर त्यात मागे हटणारे नाही), पण तेथे नवे सांगण्यासारखे कोणाकडेच काही नसते. त्यामुळे आठवड्याला एकच स्थानिक प्रश्न घेऊ लागलो. १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून रेंगाळलेल्या हद्दवाढीचा, म्हणजे आसपासची गावे शहरात घेण्याचा, विषय निघाला, तेव्हा त्या गावांतील एरवी गप्प असणारे सदस्य वाढणाऱ्या घरफाळ्याविषयी आणि शेतजमिनीवर पडणाऱ्या आरक्षणांविषयी सविस्तर लिहू लागले, तर शहरातील मंडळी त्यांना, तेही वापरत असलेल्या केएमटीच्या (महापालिकेच्या परिवहन सेवेच्या) बसची आठवण करून देऊ लागली. त्या वादात एकाच पक्षाचे समर्थक परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. पुढचा विषय पूररेषेतील बांधकामांचा ठेवला आहे.