व्यसनमुक्ती केंद्र निवडताना आणि पेशंट घरी आल्यावर : या चुका टाळा

"महिनाभर आमच्याकडे ठेवा, बरा करून देतो," असं सांगणाऱ्या केंद्रात पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा : डिस्चार्जनंतरचं वर्षभर तुम्ही काय करता? उत्तर "काही लागलं तर फोन करा" एवढंच आलं, तर दुसरं केंद्र बघा. आधीच थकलेले घरचे लोक फी, जेवण, दिवस एवढंच विचारतात, आणि ते समजण्यासारखं आहे. पण उपचार चांगले की वाईट, हे पेशंट गेटबाहेर पडल्यावरच कळतं.

डॉक्टरशिवाय दारू एकदम बंद करणं

ही जिवावर बेतणारी चूक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. ही बाहेरची बाधा नव्हे आणि नाटकही नव्हे. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठा. नुसती ग्लुकोजची सलाईन लावून घेऊ नका. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळायला हवं. ते न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. केंद्र निवडताना विचारा : रात्री दोन वाजता फिट आली तर कोण बघणार?

ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, घेणाऱ्यांचा धोका वेगळा. टर्कीचे, म्हणजे नशा बंद केल्यावर अंग दुखण्या-तडफडण्याचे, दिवस हालाचे असतात, पण मोठा धोका त्यानंतर असतो. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वी पचणारा डोसच आता जीव घेऊ शकतो. डिस्चार्जच्या दिवशी हे पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून सांगत नसेल, ते केंद्र अर्धवट काम करतंय.

भाजीत गोळी मिसळणं

"न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती आजही दिसतात. अशा पुडीत काय आहे हे कोणी सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम हे खरं, उपयोगी औषध आहे, पण ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, माणूस दगावूही शकतो. म्हणूनच हे औषध पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, यकृताच्या तपासण्या करून द्यायचं असतं. चोरून दिलेली गोळी उघडकीला आली की घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

उचलून नेणारी गाडी

चार जण येतात, धरून गाडीत घालतात, महिनाभर फोन बंद. नाइलाज म्हणून अनेक घरं हे मान्य करतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही येतात. साखळीनं बांधायला त्यात पूर्ण बंदी आहे. सक्तीनं मुंडण करता येत नाही, जबरदस्तीनं कामाला लावता येत नाही. संमतीशिवाय दाखल करायचं तर ठरलेल्या अटी आणि डॉक्टरांची तपासणी लागते. घरच्यांना आतल्या खोल्या दाखवत नाहीत, पेशंटशी एकट्यानं बोलू देत नाहीत, तिथे आपलं माणूस ठेवू नका.

पुन्हा प्यायला म्हणजे सगळं वाया

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. घसरण अनेकांची होते. पगाराचा दिवस, मित्राच्या लग्नाची वरात, गटारी, कधी नुसतं भांडण. घसरलेल्याला "आता कशाला आलास?" म्हणणारा समुपदेशक आणि "लाख रुपये पाण्यात गेले" म्हणणारं घर, दोघंही त्याला पुन्हा गुत्त्याकडे ढकलतात. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, केंद्राला कळवा. औषधं कधी बंद केली, कोणासोबत होता, आधीचे दोन-तीन दिवस झोप लागत होती का, एवढं शांतपणे विचारा. चांगलं केंद्र त्यावरून पुढचा बेत बदलतं.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथे पाठपुराव्याला आणि पत्नींच्या 'सहचरी' गटाला उपचाराचाच भाग मानतात. बायकोला महिनोन्‌महिने झोप नाही, तिचं ऐकणारं कोणी नाही. मग घरी आलेल्या पेशंटला सावरायचं कोणी? फॉलो-अपला त्याला एकट्याला पाठवू नका. जवळपास अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या गटाची, मीटिंग असेल तर तीही जोडून द्या.

प्रत्येकाला ॲडमिट करणं

एम्सच्या २०१९ च्या अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. सगळ्यांना पुरतील एवढे बेड कुठून येणार? गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत, अपायकारक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षित सामान्य माणसांनी जास्तीत जास्त चार भेटींत बोलून पाहिलं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते; नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. फार जुनं, जड व्यसन असेल तर एवढ्यानं भागणार नाही. पण अजून नोकरीवर जाणारा, शनिवार-रविवार हाताबाहेर जाणारा माणूस असेल, तर आधी जवळच्या समुपदेशकाकडे न्या.

कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे नंबर विनाशुल्क आहेत. पेशंट तयार नसला तरी घरच्यांनी एकट्यानं फोन केला तरी चालतो.