रोजनिशी सजवायची कशी: आधी मजकूर, मग रंग

सजवलेल्या रोजनिशीचे फोटो बघितले की हात शिवशिवतात आणि त्याच वेळी आपली वही एकदम रुक्ष वाटायला लागते. मग माणूस टेप, स्टिकर, ब्रशपेनांचा संच घेऊन बसतो, चार-पाच पानं देखणी करतो आणि तिथून पुढे लिहिणंच बंद पडतं. कारण उघड आहे. पान उघडल्यावर आधी तासभर सजावट करायची असेल, तर दमून आलेल्या दिवशी वही हातात घेणार कोण? आणि लिहिण्यासारखं तर नेमकं त्याच दिवशी असतं.

म्हणून इथे क्रम असा धरलाय: आधी लिहायचं, सजावट नंतर सवडीने, आणि तीही शक्यतो लिहिलेल्यातूनच काढायची. चित्रकला येत नसली तरी चालेल.

१. तुमची वही काय सोसेल ते बघा

सजावटीत निम्मी निराशा कागदामुळे येते. साध्या वहीचा कागद साधारण ६० ते ८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा जितका मोठा तितका कागद जाड). बॉलपेन, पेन्सिल, रंगीत पेन्सिली त्यावर मजेत चालतात. मार्कर पलीकडे उतरतो, आणि जलरंग लावला की पान पापडासारखं वळतं. फाउंटन पेन किंवा ब्रशपेन वापरायचं असेल तर १०० जीएसएमच्या पुढचा कागद बघा. हलका जलरंग हवा असेल तर २०० च्या आसपासचा. जलरंगाचा खास कागद बहुधा ३०० जीएसएमचा असतो, पण त्याची वही इतकी जाड होते की रोज लिहायला ती नकोशी वाटते.

दुसरी गोष्ट बांधणी. शिवलेली वही सपाट उघडते, त्यामुळे दोन्ही पानांवर मिळून काही करता येतं. नुसती गोंदाने चिकटवलेली वही जोर देऊन उघडली की पानं सुटायला लागतात. स्पायरल वही सगळ्यात सोशिक, कारण आत कितीही चिकटवलं तरी ती फुगायला जागा देते.

नवी वही घेण्याआधी हातातल्या वहीची परीक्षा घ्या. शेवटच्या पानावर तुमच्याकडच्या प्रत्येक पेनाने, मार्करने एकेक ओळ लिहा, पुढे त्याचं नाव टाका, मग ओल्या बोटाने ओळीच्या टोकावरून पुसून बघा. कोणती शाई फरकटते, कोणती पलीकडे उतरते, हे त्या एका पानावर कळतं. ते पान फाडू नका, पुढे सतत लागेल.

२. लिहिताना जागा सोडा

सजावटीची तयारी म्हणून लिहिताना एवढंच करायचं: बाहेरच्या बाजूला तीन-चार सेंटिमीटरचा समास सोडायचा. किंवा पानाचा वरचा एक तृतीयांश भाग कोरा ठेवायचा. किंवा डाव्या पानावर काहीच न लिहिता फक्त उजव्या पानावर लिहायचं. तिन्हींतली एक पद्धत धरा आणि महिनाभर बदलू नका. माझं मत विचाराल तर रुंद समास उत्तम. तो कोरा राहिला तरी पान अर्धवट दिसत नाही. पूर्ण कोरं डावं पान मात्र रोज डोळे वटारून बघतं.

तारखेची जागा ठरलेली असू द्या. वही पुन्हा चाळताना नजर पहिल्यांदा तिथे जाते. तारखेभोवती एक चौकट, त्या चौकटीत त्या दिवसाच्या हवेचा किंवा मनःस्थितीचा रंग, एवढी सजावट अर्ध्या मिनिटात होते, आणि वर्षभराने वहीच्या कडेकडेने रंगांची एक पट्टी तयार झालेली दिसते.

३. मजकुरातून एक वस्तू उचला

खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबू.

लिहून झालं की मजकूर पुन्हा वाचा आणि बोट ठेवता येईल अशी एकच गोष्ट शोधा. ‘आज फार एकटं वाटलं’ याचं चित्र काढायला गेलात की खिडकीत बसलेली मुलगी नाहीतर सुकलेलं झाड निघणार. ते हजारदा काढून झालंय. पण त्याच परिच्छेदात ‘दोन कप काढले आणि एक परत ठेवला’ असं वाक्य असेल, तर तो परत ठेवलेला कप काढा. वाकडा आला तरी तो तुमचाच असतो.

समजा घर बदलल्याचा दिवस आहे. दोन पानं मजकूर झालाय. आता समासात रिकाम्या खोलीचा साधा नकाशा काढा. चार रेघा, दाराची जागा, खिडकीची जागा. जिथे पलंग होता तिथे ‘पलंग’ असं लिहून त्याभोवती तुटक रेघ. कपाटाच्या पायांनी फरशीवर पाडलेले चार ठिपके. कॅलेंडर टांगलेलं असायचं तिथे भिंतीवर राहिलेला स्वच्छ चौकोन. याला चित्रकला लागत नाही, मोजपट्टी पुरते. आणि नकाशा काढता काढता आठवतं की खिडकीची एक कडी कधी लागतच नव्हती, जे मजकुरात आलेलंच नसतं. ते लगेच नकाशाच्या कडेला लिहून टाका.

चित्र म्हणजे लिहून झालेल्या वाक्याला जोडलेली शोभा नव्हे. कधीकधी वाक्य जिथे अडतं तिथे चित्र पुढे जातं. चार्ल्स डार्विनने १८३७ मध्ये आपल्या एका खासगी टिपणवहीत वर ‘मला वाटतं’ एवढेच शब्द लिहिले आणि खाली फांद्या फुटलेल्या झाडासारखी एक वेडीवाकडी आकृती काढली. एका जीवजातीपासून दुसऱ्या कशा फुटत गेल्या असतील, याचा विचार त्या रेघांमध्ये होता. उत्क्रांतीवरचा त्याचा ग्रंथ आला १८५९ मध्ये.

वस्तूखेरीज उचलण्यासारखं आणखी बरंच असतं. चाललेल्या रस्त्याचा नकाशा, कुणाच्या तोंडचं वाक्य फुग्यात घालून, टेबलावरच्या वस्तूंची वरून दिसणारी मांडणी, किंवा समोरच्या वस्तूकडे बघत, कागदाकडे न बघता, पेन न उचलता काढलेली एकच रेघ. या शेवटच्या प्रकारात सगळ्यांचीच चित्रं विचित्र येतात. त्यामुळे ‘मला काढता येत नाही’ ही भीती आपोआप गळते.

४. अक्षरालाच चित्र होऊ द्या

ज्यांना चित्र काढायचंच नाही त्यांच्यासाठी अक्षर आहे, आणि देवनागरीत त्याला भरपूर वाव आहे. शिरोरेघ लांबवून तिचीच चौकट करता येते. वेलांटी शब्दावरून पलीकडे नेता येते. उकाराची शेपटी खालच्या ओळीत उतरवता येते. पण एका शब्दात एकच अवयव ताणा. वेलांटी, मात्रा, उकार सगळेच ताणले की शब्द वाचताच येत नाही.

बोरू किंवा चपट्या टोकाचं पेन नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने घट्ट बांधा. दोन्ही टोकं कागदाला सारखी टेकली पाहिजेत. आता एकच कोन धरून, मनगट न फिरवता, अक्षर जरा मोठं काढा. दोन समांतर रेघांचं अक्षर उमटतं आणि कुठे जाड, कुठे बारीक हे आपोआप ठरतं. मधली जागा रंगाने किंवा बारीक आडव्या रेघांनी भरा, पेनाने बाहेरची कड पक्की करा, शाई वाळू द्या, मग पेन्सिल खोडा. वाळण्याआधी खोडरबर फिरवलं की शाई फरकटते.

हे सगळं पानातल्या एकाच शब्दासाठी करा. तो शब्द शीर्षकच असला पाहिजे असं नाही. परिच्छेदाच्या मधोमध एक शब्द मोठा झाला तर पान जास्त जिवंत दिसतं.

५. रंग

एका पानावर दोन रंग आणि काळी किंवा निळी शाई. बस्स. महिनाभर तीच जोडी ठेवली तर वहीला आपोआप एकसारखेपणा येतो, आणि रोज ‘कोणता रंग?’ हा प्रश्नही उरत नाही.

पेनाच्या रेघांवर जलरंग फिरवायचा असेल तर पेनाची शाई पाण्याने न फुटणारी हवी. पिगमेंट शाईची पेनं यासाठी बरी पडतात. नेहमीच्या बऱ्याच फाउंटन पेन शाया आणि बरीचशी स्केचपेनं पाणी लागताच वाहतात. जेल पेनावर लगेच हायलाइटर फिरवू नका. आणि मेणखडूवर पेन चालत नाही, त्यामुळे तिथे लिहायचं असेल तर लिहिणं आधी.

६. चिकटवताना

तिकिटं, पानं, फोटो, पाकिटावरचे शिक्के यांनी वही भरायला लागली की तीन अडचणी येतात: कागद सुरकुततो, वही फुगते आणि काही वर्षांनी चिकटवलेलं पिवळं पडतं.

सुरकुत्या पाण्यामुळे पडतात. पातळ पांढऱ्या गोंदात पाणी बरंच असतं, म्हणून कागदासाठी ग्लू स्टिक चांगली. ती मधून कडेकडे फिरवा, चिकटवल्यावर वर साधा कागद ठेवून हाताने दाबा, आणि वही रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी टाळा. ती पुढे पिवळी पडते, सुटते आणि जाताना डाग ठेवून जाते. वॉशी टेप बरी, कारण ती कागदी असते आणि बहुतेक वेळा पान न फाडता निघते. पण भरवशाने काही धरून ठेवायचं असेल तर तिच्यावर विसंबू नका.

फुगण्यावर उपाय म्हणजे अधूनमधून एक पान कमी करणं. मात्र शिवलेल्या वहीतलं पान मुळापासून ओढून काढू नका. तिथे पानं जोडीने असतात, एक ओढलं की शिवणीपलीकडचं दुसरं सैल होतं. बांधणीपासून सेंटिमीटरभर पट्टी ठेवून कटरने कापा. कापताना खाली जाड पुठ्ठा सरकवायला विसरू नका. उरलेल्या पट्टीवर एखादा फोटो किंवा वेगळा कागद चिकटवता येतो, म्हणजे वहीत जाड कागदाचं पान घालण्याची सोयही तिथेच झाली.

छापील पावत्यांचं एक लक्षात ठेवा. उष्णतेने छापणाऱ्या यंत्रावरच्या, गुळगुळीत कागदाच्या पावत्यांवरची अक्षरं काही काळाने उडून जातात. अशा पावतीची झेरॉक्स काढून ती लावा. वर्तमानपत्राचा कागदही पिवळा पडतो, आणि शेजारच्या पानावर त्याची सावली उमटते. कात्रण जपायचंच असेल तर त्याचीही झेरॉक्स.

पानंफुलं लावायची असतील तर पातळ पाकळ्यांची निवडा. टीपकागदाच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर वजन द्या, पहिल्या काही दिवसांत टीपकागद बदला, आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. जाड, रसाळ फुलाला आत बुरशी येते. त्याची पाकळी पाकळी सुटी करून वाळवावी.

७. खिसा आणि झडप

सगळ्या मजकुरावर सगळ्यांची नजर पडू नये, असंही असतं. त्यासाठी झडप करा. मजकुराच्या आकाराचा कागद घ्या, त्याची एक कड सेंटिमीटरभर दुमडा आणि फक्त त्या दुमडीला गोंद लावून मजकुरावर चिकटवा. झडपेवर चित्र, आत मजकूर. कुलूप नाही, पण चाळणाऱ्याचा हात थबकतो.

खिशासाठी पानापेक्षा दोन सेंटिमीटर अरुंद आणि साधारण निम्म्या उंचीचा जाडसर कागद घ्या. तीन कडांना आतून अर्ध्या सेंटिमीटरची गोंदाची रेघ द्या, जास्त नको, नाहीतर आत जागा उरत नाही. उघडी बाजू बांधणीकडे ठेवा. बाहेरच्या बाजूला उघडा खिसा ठेवला तर वही उचलताना आतलं सगळं घरंगळतं. उघड्या कडेवर नाणं ठेवून अर्धगोल आखून कापलात की आतली चिठ्ठी चिमटीत धरता येते.

८. डाग पडला तर

पान फाडू नका. फ्रिडा काहलो या चित्रकर्तीने आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांत, १९५४ मध्ये जाईपर्यंत, एक रोजनिशी ठेवली होती. तिच्यात मजकूर आणि चित्रं एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि शाईच्या डागांमधून काढलेल्या आकृत्याही आहेत. डाग वाळू द्या, वही फिरवून चारही बाजूंनी बघा, काही दिसलं तर दोन रेघा मारून ते पुरं करा. काहीच दिसलं नाही तर डागाशेजारी तारीख आणि कारण लिहा.

अख्खा परिच्छेद नकोसा झाला असेल तर त्यावर पांढरा ॲक्रिलिक रंग किंवा जेसोचा (रंगाआधी अस्तर म्हणून लावतात त्या पांढऱ्या लेपाचा) पातळ हात द्या आणि वाळल्यावर वर नवीन काही करा. जाड थर देऊ नका, पान कडक होऊन तडकतं. ॲक्रिलिकची समोरासमोरची पानं वाळल्यानंतरही एकमेकांना चिकटतात, तेव्हा मध्ये बटर पेपर घाला.

सजावट साचत गेली तर हरकत नाही. आठवड्यातून एक बैठक ठरवा, मागची पानं चाळा, ज्या पानाला काही मागावंसं वाटतंय त्यालाच हात लावा, बाकीची तशीच ठेवा. भरलेली वही आडवी ठेवा, उभी केली की फुगलेली पानं बांधणी ओढतात. उन्हापासून आणि ओलीपासून लांब. रबरबँड बांधू नका, तो वाळून पुठ्ठ्याला चिकटतो. साधी सुती नाडी गुंडाळा, आणि पाठीवर वर्ष लिहून ठेवा.