एसटीएस म्हणजे एसटी नव्हे

एम.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी पारावर सांगून टाकलं, "पोरगी एसटीएस करते." दुसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं, "डेपो कोणता भेटला?" विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांचा अभ्यास, असं पूर्ण नाव सांगूनही फार उजेड पडला नाही. खरं तर मलाही तेव्हा नीट सांगता येत नव्हतं.

मी इंजिनिअरिंग करून आलेली. वाटलं, 'मोबाइल शाप की वरदान' छापाचे निबंध लिहायचे असतील. पहिल्याच महिन्यात लँग्डन विनर या अमेरिकी अभ्यासकाचा 1980 चा लेख हातात पडला. त्यात कॅलिफोर्नियातल्या टोमॅटो तोडणी यंत्राची गोष्ट आहे. विद्यापीठातल्या लोकांनी यंत्र काढलं, त्याचा मार सोसेल असं कडक वाणही काढलं. यंत्र परवडलं ते मोठ्या बागायतदारांना. 4,000 च्या आसपास असलेले उत्पादक 1973 पर्यंत सुमारे 600 वर आले, मजुरांची कामं गेली ती वेगळीच. यात कोणाचा कट नव्हता, हे वाचून मी जास्त अस्वस्थ झाले. वाचताना डोळ्यांपुढे मात्र आमच्या वावरातली निंदणाची, म्हणजे तण काढणाऱ्या बायांची, पात होती.

मग 'आपल्या भागातलं एक प्रकरण लिहा' असं काम मिळालं. मी 2017 ची कीटकनाशकाची फवारणी घेतली. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. माझं पहिलं वाक्य होतं, 'अज्ञानामुळे ही दुर्घटना घडली.' सरांनी त्याखाली लाल रेघ ओढून लिहिलं, 'अज्ञान कोणाचं?'

मी पुन्हा बसले. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा वावरातून नाही, तोंडासमोरून जायचा. बॅटरीच्या पंपानं काम पटापट होई, औषधही तेवढंच जास्त उडे. दोन-तीन औषधं एकत्र करायचा सल्ला कृषी केंद्राच्या काउंटरवरूनच यायचा. डब्यावरच्या सूचना मुंगीच्या अक्षरात. आणि ते संरक्षक किट? ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून एक तास चालून दाखवावं कोणीतरी. पंप, पीक, दुकान, ऊन, मजुरी हे सगळं एका दोरीत ओवून पाहायला शिकणं, म्हणजे हा विषय. बाकी संज्ञा पाठ होतात हो.

हे सगळं परदेशी खूळ वाटत असेल तर वर्ध्याला जाऊन या. खादी-ग्रामोद्योगाचं मगन संग्रहालय 1938 पासून तिथं आहे. गांधीजींच्या चरखा संघानं 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत 150 रुपयांच्या आत, आणि बाईला फार न थकता सलग 8 तास चालवता यावा. यंत्र बनायच्या आधीच ते कोण वापरणार, हे लिहून ठेवलं होतं. आमच्या पंपाच्या अटी कोणी लिहिल्या, हा प्रश्न मला तिथंच सुचला.

आता कामाचं. आयआयटी मुंबईत 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे, एम.टेक.साठी गेट ही परीक्षा द्यावी लागते. दिल्लीच्या जेएनयूत विज्ञान धोरणाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिकडे कल संशोधनाचा. टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) किंवा कुठल्याही समाजशास्त्र विभागात राहूनही हा विषय धरता येतो; मार्गदर्शक कोण आहे ते आधी पाहा. एम.टेक. सोडलं तर पदवी कोणतीही चालते. इंजिनिअरिंगवाल्यांना पाच पानं सलग लिहिताना घाम फुटतो, कलाशाखेवाले यंत्र उघडून पाहायला बिचकतात. दोन्ही सहा महिन्यांत सुटतं. इंग्रजीचा बाऊ मीही केला होता. मग रोज वाचलेलं एक पान रात्री फोनवर आईला वऱ्हाडीत सांगायचे. तिनं "मंग?" विचारलं की समजायचं, आपल्यालाच कळलेलं नाही. नोकरीचं म्हणाल तर या नावाची जाहिरात निघत नाही. संस्था, संशोधन प्रकल्प, पत्रकारिता, धोरणाचं काम असं शोधत जावं लागतं. घरी हे आधीच सांगून ठेवा.

प्रबंधासाठी मी तणनाशक आणि निंदण घेतलं. गावात 'चोर बीटी', म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारं कपाशीचं बियाणं, सर्रास पेरतात, त्याला परवानगी नाही, म्हणून कोणी तोंड उघडेना. वही बॅगेत ठेवली, आठ दिवस बायांसोबत वेचणीला गेले, तेव्हा बोलणं सुरू झालं. वहीत ना नाव लिहिलं, ना गट नंबर. तुम्हीही लिहू नका. तुमची पदवी होते, त्यांना तिथंच राहायचं असतं.

लिहून झाल्यावर काकूला एक भाग वाचून दाखवला: 'तणनाशकामुळे स्त्रियांचं काम गेलं.'

"गेलं कुठं वं?" काकू म्हणाली. "निंदन गेलं, पन पंपाले पानी कोन आनते? धुऱ्यापासून ड्रमापर्यंत मीच ना. तुहा काका फवारते म्हनून लिवलं, मी काय पाहुनी आली होती?"

माझ्या तक्त्यात पाणी आणण्याचा रकानाच नव्हता. सगळ्या मुलाखती पुन्हा घ्याव्या लागल्या, प्रबंध चार महिने लांबला.