जिप्सीला जुने कंपनी पाटे बसवताय? या चुका टाळा

मारुती जिप्सी रिकामी चालवली की मागून आपटते. त्यात पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) दोष नाही. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर माणसं दाटीने बसवायची, एकूण आठ जण न्यायचे, वर सामान लादायचं आणि तरीही ॲक्सल बंप स्टॉपला (चासीखालच्या रबरी ठोकळ्याला) लागू द्यायचा नाही, या हिशेबाने ते पाटे बनले आहेत. एकटा माणूस गाडी घेऊन निघाला की पाटा वाकतच नाही आणि खड्ड्याचा दणका सरळ चासीत जातो. शिवाय सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी 2019 मध्ये बंद झाली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बऱ्याच गाड्यांचे पाटे बसलेले (कमान उतरून सपाट झालेले), नाहीतर कुणीतरी मधल्या काळात वाढवलेले किंवा काढलेले असतात.

अशा वेळी कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार किंवा दिल्लीचं मायापुरी इथल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून कंपनीचाच जुना पण धड सेट शोधून आणणं हा माझ्या मते सर्वात शहाणपणाचा मार्ग आहे. पोलाद कुठलं, पाणी कसं दिलंय याचा पत्ता नसलेल्या गाडी उंच करणाऱ्या स्वस्त नव्या लिफ्ट किटपेक्षा तो केव्हाही बरा. मात्र पाटा एकटा काम करत नाही. शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला झुलतं जोडणारी पट्टी), बुश (पाट्याच्या टोकातला रबर), शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर), प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलला ताकद पोचवणारा दांडा), स्टिअरिंगचा रॉड आणि ब्रेकचा पाइप या सगळ्यांशी त्याचं नातं आहे. हे नातं विसरून नुसता पाटा बदलला की पुढचं दुखणं सुरू होतं.

बाजारात पाटा पारखताना

पहिली चूक म्हणजे कमान बघून भुलणं. उंच कमान म्हणजे ताजा पाटा, असा समज आहे. प्रत्यक्षात बसलेल्या पाट्याला थंड अवस्थेत घण मारून कमान चढवून देणारे कारागीर जागोजागी आहेत. तो पाटा दुकानात सुंदर दिसतो आणि थोडं चालवलं की पुन्हा बसतो. पाट्याच्या पोटावर एका ओळीत घणाचे चपटे ठसे दिसले तर तो सेट सोडून द्या. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेला पाटा त्याहून वाईट. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच मोडतो. पाट्यावर वेल्डिंगचा ठिपका दिसला, तरी हेच समजा.

तडा शोधण्यासाठी महागडं काही लागत नाही. पाटे सुटे करा, तारेच्या ब्रशने गंज काढा आणि मेन (सर्वात लांब) पाट्याचा डोळा (टोकाची गोल वळी), सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाचा परिसर आणि जिथे खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्याला घासतं ती जागा रॉकेलने भिजवा. दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने कोरडं पुसून घ्या आणि वरून खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूतून केसासारखी काळसर रेघ काढतं. सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे जाणारी अशी रेघ दिसली, तर भाव अर्धा केला तरी तो पाटा घेऊ नका.

मग दोन्ही डोळ्यांच्या मध्यातून दोरी ताणा आणि दोरीपासून मेन पाट्यापर्यंतचं अंतर मधोमध मोजा. डाव्या आणि उजव्या पाट्यात चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी एका बाजूला कलणार. दोन वेगवेगळ्या गाड्यांचे पाटे जोडी म्हणून विकले जातात, तेव्हा हे माप न घेता पैसे देऊ नयेत.

पाटा कुठल्या गाडीतून निघाला हेही विचारा. ताडोबासारख्या जंगलातल्या सफारी जिप्सींना उंचावर जादा सीट बसवलेल्या असतात. चालक, गाइड आणि सहा पर्यटक घेऊन त्या रोज कच्च्या रस्त्यावर धावतात. त्यांचे पाटे थकलेले असतात आणि पुष्कळदा त्यात बाहेरचा एखादा पाटा घातलेला असतो. कंपनीचा सेट म्हणून विकत घेतलेल्या अशा सेटमधला प्रत्येक पाटा व्हर्नियरने मोजा.

जाडीचा आणि लांबीचा हिशेब

"साहेब, एक पाटा वाढवून देतो, गाडी उचलेल," हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतं. गाडी थोडी उचलतेही, पण त्याहून जास्त ती कडक होते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. 6 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटरचा पाटा घातला तर तो पाटा जवळजवळ 60 टक्के जास्त कडक असतो. लांबीचं नेमकं उलट आहे. लांबी 10 टक्क्यांनी वाढली की कडकपणा सुमारे 25 टक्क्यांनी उतरतो. म्हणून मऊ चाल हवी असेल तर लांब आणि पातळ पाटे शोधायचे. अमेरिकेत जिप्सीच्या भावंडाला, म्हणजे सुझुकी सामुराईला, जीप रँगलर वायजेचे जुने लांब पाटे बसवण्याची पद्धत रुळली ती याच कारणाने. पण वायजेचा पाटा अडीच इंच रुंद आहे आणि सामुराईचा पावणेदोन इंच. त्यामुळे हँगर (पाटा चासीला धरणारा कंस), शॅकल आणि ॲक्सलवरची पाटा टेकतो ती बैठक सगळंच नव्याने करावं लागतं. मागचे लांब पाटे पुढे लावण्याचा प्रकारही असाच आहे. त्यात चासीवरच्या हँगरची जागा हलवावी लागते. ते करायची तयारी नसेल तर आपल्याच मॉडेलचा धड सेट घ्या.

चाल मऊ व्हावी म्हणून पाटा काढणारेही चुकतात. मेन पाट्याच्या लगेच खालचा दुसरा पाटा कधीही काढू नका. मेन पाट्याला डोळ्याजवळ आधार त्याचाच असतो. काढायचाच तर मधल्या आखूड पाट्यांपैकी एक काढा, तोही दोन्ही बाजूंचा सारखाच. आणि मग गाडीत आठ माणसं भरण्याचा विचार सोडून द्या.

लांब शॅकल: सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग पडणारी चूक

सेट बसवून उंची मनासारखी आली नाही की लांब शॅकल लावायचा मोह होतो. 50 मिलिमीटर लांब शॅकल लावला तर ॲक्सलपाशी उंची मिळते त्याच्या निम्मी, म्हणजे 25 मिलिमीटर. त्या बदल्यात काय जातं ते बघा. जिप्सीला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. तो लांबला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाट्याबरोबर ॲक्सलही पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाकं वळतात त्या आसाचा मागचा झुकाव) कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येईनासं होतं. ताम्हिणीसारख्या घाटात हे फार धोक्याचं आहे, कारण प्रत्येक वळणानंतर गाडी हाताने ओढून सरळ करावी लागते आणि सरळ रस्त्यावर ती भरकटते.

उपाय म्हणून पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये पाचर घालतात. ती पोलादी असावी. ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली तडकते. पाचरीने कॅस्टर परत आणला की पुढचा पिनियन (ॲक्सलवर प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो ते टोक) खाली झुकतो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. म्हणजे दोन-तीन अंशांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. तेवढ्याने भागत नसेल तर शॅकल आखूड करा.

पाटे ॲक्सलच्या खालून वर घेण्याचं काम तर वेगळ्याच पातळीचं आहे. उंची चार-पाच इंच मिळते, पण नवी बैठक ॲक्सलला वेल्ड करावी लागते, स्टिअरिंगचा रॉड तिरपा होतो आणि खड्ड्यात चाक उचललं की हातातलं स्टिअरिंग आपोआप फिरतं. रॉडचा कोन सुधारल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बसवताना

सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. भोकात माती आणि गंज साचलेला असतो. डोकं कडेवर टेकतं आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळल्यावर सगळं घट्ट वाटतं. गाडी चालवली की ॲक्सल काही मिलिमीटर सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. बैठक खरवडून साफ करा, बोट घालून भोक तपासा, मगच पाटा ठेवा.

यू-बोल्ट जुने वापरू नका. एकदा पूर्ण आवळलेला यू-बोल्ट ताणला गेलेला असतो आणि दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. बुशही नवेच घ्या. भंगारातल्या पाट्याच्या डोळ्यातला रबर बाहेरून चांगला दिसला तरी आतून कडक झालेला असतो.

बुशच्या बाबतीत एक चूक चांगले मिस्त्रीही करतात. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की रबर कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. चाल कडक होते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी नुसते लावून घ्या, गाडी जमिनीवर उतरवा, पुढून-मागून दाबून हलवा आणि वजन पाट्यांवर असतानाच शेवटचं आवळा. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासा. पाटे एकमेकांवर बसतात तसे बोल्ट थोडे सैल होतातच.

शॉकअप

जुना शॉकअप घेऊ नका, नवाच घ्या. त्याची लांबी मात्र स्वतः मोजा. शॉकअप काढून ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत वर आणा आणि वरच्या-खालच्या माउंटिंगमधलं अंतर घ्या. मग चासी उचलून चाक पूर्ण लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. दाबलेला शॉकअप पहिल्या मापापेक्षा आखूड आणि ताणलेला दुसऱ्यापेक्षा लांब असायला हवा. नाहीतर खड्ड्यात पाट्याऐवजी शॉकअपच अडवतो आणि त्याचं माउंटिंग चासीतून उपटून येतं.

चाक लोंबलेलं असतानाच ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातोय का बघून घ्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. मागच्या ॲक्सलवर भाराप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर गाडी उंचावल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवून घ्यावी लागते.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आपल्याच मॉडेलचे मूळ मापाचे पाटे म्हणजे दुरुस्ती. चासी उंच करणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि जुना माल घेताना दुकानदाराकडून बिल जरूर घ्या, चोरीच्या गाडीचे सुटे भाग बाजारात येतात.

चालवून बघताना

वेग घेताना बुडाखाली थरथर येत असेल तर मागच्या पिनियनचा कोन बघा. तो शाफ्टच्या ट्रान्सफर केसकडच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याकडच्या) टोकाला समांतर नसेल. थरथर फक्त फोर-व्हील टाकल्यावर येत असेल तर पुढच्या शाफ्टकडे जा. स्पीडब्रेकरवर एकदाच 'ठक्' वाजलं तर यू-बोल्ट, सतत कुरकुर असेल तर बुश. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि एरवी सरळ चालते, तेव्हा ब्रेक उघडण्याआधी दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा. दोन्ही आकडे सारखे नसतील तर एखादा सेंटर बोल्ट बैठकीत बसलेला नाही. अशा वेळी अलाइनमेंटवर पैसे घालवू नका, त्या बाजूचा यू-बोल्ट सोडून पाटा पुन्हा बसवा.