अंथरुणावरच्या माणसाचं पोट साफ राहण्यासाठी

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की बीपी, साखर, गोळ्या सगळ्यांचा हिशेब ठेवला जातो, शौचाचा मात्र नाही. ठाणे-नवी मुंबईत अनेक घरी दिवसाची मावशी वेगळी, रात्रीची वेगळी आणि घरचे लोकलने कामाला गेलेले. 'काल शी झाली असेल' असं प्रत्येकाला वाटतं आणि चार दिवस निघून जातात. म्हणून आधी पलंगाशी एक वही टांगा. तारीख, वेळ, किती झाली आणि कशी झाली, एवढंच लिहा. 'कशी' यासाठी सगळ्यांचे शब्द एकच ठरवा: सुटे खडे, जाड भेगाळ, केळ्यासारखी मऊ, पातळ, नुसतं पाणी. मऊ होत असेल आणि कुंथावं लागत नसेल तर दिवसाआड झाली तरी काळजी नाही.

चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात मोठं आतडं आपसूक हालचाल करतं. दिवसातली ही सर्वांत चांगली वेळ, आणि नेमकी तेव्हाच मावश्यांची पाळी बदलते. पाळी थोडी मागेपुढे करा, पण ही वेळ सोडू नका. रोज त्याच वेळी कमोड चेअरवर 10 मिनिटं बसवा, झाली नाही तरी. पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली 15-20 सेंटीमीटर उंच पाट ठेवून गुडघे कंबरेच्या वर आणा, कोपरं मांड्यांवर टेकवून किंचित पुढे वाकू द्या. उकिडवं बसल्यावर गुदमार्गाचा बाक जसा सरळ होतो, तसाच इथेही होतो. चाकाची कमोड चेअर घेण्याआधी बाथरूमचं दार मोजा. फ्लॅटमध्ये ते बहुधा अरुंद असतं. आडोसा हवाच. समोर माणसं बसलेली असताना कुणालाच होत नाही.

बसवता येत नसेल तर बेडपॅन. कुशीवर वळवा, पॅनची रुंद बाजू पार्श्वभागाला लावा, पुन्हा पाठीवर आणा आणि डोक्याकडची बाजू जमेल तितकी उचला. पॅन खालून सरकवत ढकलू नका, माकडहाडाजवळची नाजूक कातडी सोलवटते. पुसताना पुढून मागे.

डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसाला दीड लिटर द्रव पदार्थ पोटात जाऊ द्या, म्हणजे 150 मिलिलिटरचे 10 पेले. एप्रिल-मेच्या घामट हवेत थोडं जास्त. सारखी लघवी नको म्हणून वडीलधारी माणसं पाणी टाळतात, त्याकडे लक्ष ठेवा. ज्वारीची भाकरी, लाल माठ, पपई, भिजवलेले काळे मनुके हे सगळं चांगलं, पण पाण्याविना असे चोथ्याचे पदार्थ वाढवले तर मळ आणखी घट्ट होतो. इसबगोलचंही तेच. कमी पाणी पिणाऱ्याला किंवा गिळताना ठसका लागणाऱ्याला ते देऊ नये.

लोह, कॅल्शियम, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि बीपीची काही औषधंही पोट बांधतात. ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लॅक्टुलोज हे मळ मऊ करणारं औषध लागू व्हायला 1-2 दिवस लागतात, म्हणून सकाळी काही झालं नाही की लगेच मात्रा वाढवू नये. पोट साफ करणारी बिसाकोडिलची गोळी रात्री देतात, 6 ते 12 तासांत गुण येतो. ती कुटू नका, दुधासोबत देऊ नका. नाहीतर वरचं आवरण आतड्यात पोचण्याआधी जठरातच विरघळतं आणि कळा येतात. पोट साफ करायचं पातळ पॅराफिनचं तेलकट औषध ठसका लागणाऱ्याला धोक्याचं, कारण ते फुप्फुसात जाऊ शकतं.

डॉक्टरांनी गुदद्वारातून आत ठेवायची गोळी, म्हणजे सपोझिटरी, दिली असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, उजवा गुडघा पोटाशी घ्या, हातमोजा घाला, गोळीचं वेष्टन काढा आणि ती बोटभर आत, आतल्या भिंतीला टेकवून ठेवा. मळाच्या गोळ्यात खुपसली तर ती कामच करत नाही. ग्लिसरीनची गोळी उकाड्यात मऊ पडते. मऊ वाटली तर वेष्टनासकट थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा.

आता सर्वांत जास्त घोटाळा होणारी गोष्ट. चार-पाच दिवस काही नाही, आणि मग डायपरला दिवसभर पातळ डाग. घरचे जुलाब समजून बंद करायची गोळी देतात. खरं तर गुदाशयात घट्ट खडा अडकलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं. जुलाब बंद करायच्या गोळीने अडथळा आणखी पक्का होतो. भूक मेलेली, पोट गच्च, लघवी तुंबलेली किंवा माणूस अचानक गोंधळलेला, अशी जोड दिसली तर हीच शंका आधी घ्या. वही असेल तर एका नजरेत कळतं. खडा बोटाने काढणं घरी करू नका. प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरच हवेत, विशेषतः हृदयरोग्याला. मूत्रपिंडाच्या रुग्णाला फॉस्फेटचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून सोडायचं पातळ औषध, घरच्या घरी देऊ नये.

पोट फुगलंय, वायूही सरत नाही आणि उलट्या सुरू आहेत, किंवा रक्त जातंय, तर कोणतंही रेचक न देता 108 ला फोन करा, किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. निघताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.