अपस्मार आणि आनुवंशिक नेत्रविकार एकाच माणसाला असतील तर काळजी कशी घ्यावी

फिटसाठी मेंदूविकारतज्ज्ञ, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञ. घरात दोन वेगळ्या फायली तयार होतात आणि एकीतले औषध दुसरीतल्या अवयवावर काय करते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून सगळ्यात आधी या दोन फायली जोडा.

१. एक कागद तयार करा

निदानाचे नेमके नाव लिहा. ‘पडद्याचा (डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या थराचा) आजार’ एवढे पुरत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे की स्टारगार्ट (दोन्ही पडद्याचेच आनुवंशिक आजार), ते हवे. जनुक तपासणी झाली असल्यास जनुकाचे नाव, प्रत्येक औषध किती मिलिग्रॅम व कोणत्या वेळी, फिट कशी येते, किती मिनिटे टिकते आणि शेवटची कधी आली, हेही लिहा. दोन्ही डॉक्टरांना प्रत्येक भेटीत हाच कागद दाखवा.

लहान मुलाची नजर आधी झपाट्याने कमी झाली आणि काही वर्षांनी फिट सुरू झाल्या, तर हे दोन आजार नसून एकच असू शकतो (उदाहरणार्थ मेंदू आणि पडदा दोन्ही बिघडवणारा आनुवंशिक बॅटन आजार). हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा.

२. औषधे डोळ्यांच्या बाजूने तपासा

विगाबॅट्रिन या फिटच्या औषधामुळे काही जणांची कडेची दृष्टी कायमची कमी होते. रेटिनायटिस पिगमेंटोसातही बहुधा आधी रातांधळेपणा येतो आणि मग कडेचीच नजर जाते. त्यामुळे नुकसान औषधाने झाले की आजाराने, हे नंतर सांगता येत नाही. औषध सुरू होण्याआधी दृष्टिक्षेत्राची (कडेला कुठपर्यंत दिसते याची) तपासणी करून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, साधारणपणे दर ३ महिन्यांनी. काही बालकांच्या फिटवर हेच औषध सर्वांत उपयोगी असते, म्हणून घाबरून ते बंद करू नका. निर्णय दोन्ही डॉक्टरांना मिळून घेऊ द्या.

टोपिरामेट हे फिटचे औषध सुरू केल्यावर, विशेषतः पहिल्या महिन्यात, डोळा दुखला, लाल झाला किंवा दूरचे अचानक धूसर दिसू लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो आणि उशीर केल्यास नजर जाऊ शकते.

कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही फिटची औषधे घेतल्यावर काही वेळाने एकाचे दोन दिसत असतील तर गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ शेजारी शेजारी लिहा. बहुतेकदा तो डोसचा प्रश्न असतो, पडदा बिघडल्याचे लक्षण नसते.

पडद्याच्या मध्यभागी आलेल्या सुजेवर नेत्रतज्ज्ञ ॲसिटाझोलामाइड हे औषध देतात. आधीच फिटसाठी टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर दोन्ही मिळून मूत्रखड्याचा धोका वाढतो. कागद दाखवण्याचा उपयोग नेमका इथे होतो.

स्टारगार्ट असल्यास जीवनसत्त्व अ च्या गोळ्या घेऊ नका. ‘डोळ्यांचे टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतही ते असते.

३. जे दिसते ते नोंदवा

डोळ्यांपुढे काही दिसले की ती फिटच असते असे नाही. मेंदूच्या मागच्या भागातून सुरू होणाऱ्या फिटमध्ये बहुधा रंगीत गोल ठिपके दिसतात. काही सेकंद ते दोन-तीन मिनिटे आणि दर वेळी तसेच. अर्धशिशीत नागमोडी चकाकती रेघ हळूहळू पसरत जाते आणि २०-३० मिनिटे राहू शकते. नजर खूप कमी झालेल्यांना चेहरे, माणसे, नक्षी स्पष्ट दिसू शकतात. ते खरे नाही हे त्यांना कळत असते आणि शुद्ध पूर्ण असते. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नाही, फिटही नाही. काय दिसले, किती वेळ आणि शुद्ध होती का, एवढे मोबाइलवर बोलून ठेवा. या नोंदीमुळे फिटच्या औषधाचा डोस विनाकारण वाढणे टळते.

४. डोळ्यांच्या तपासणीला जाताना

पडद्याची विद्युत तपासणी, म्हणजे ईआरजी, लखलखत्या प्रकाशात होते. फिटचा आजार आहे हे वेळ ठरवतानाच सांगा. झोप पूर्ण घ्या, सकाळची गोळी चुकवू नका. बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्यापूर्वीही सांगा. त्यांतल्या सायक्लोपेंटोलेट या थेंबांनी क्वचित फिट आल्याच्या नोंदी आहेत.

प्रकाशाने फिट येणाऱ्यांना साधारण सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक जास्त बाधते. असा प्रकाश समोर आला तर नुसते डोळे मिटू नका, पापणीतून प्रकाश आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा.

५. गोळ्या हाताने ओळखता आल्या पाहिजेत

सकाळच्या डबीला एक रबर, रात्रीच्या डबीला दोन. कंपनी बदलली की गोळीचा आकार बदलतो, म्हणून दुकानातून निघण्यापूर्वीच ती बोटांनी चाचपून पाहा. निदान आठवड्याची औषधे शिल्लक ठेवा. एखादी गोळी चुकल्यास काय करायचे ते आधीच विचारून कागदावर लिहा. मनाने दुप्पट डोस घेऊ नका.

६. फिट आल्यावर

डोळ्यांचा आजार आनुवंशिक असल्याने मदत करणाऱ्या आईवडिलांची किंवा भावाबहिणीची नजरही कमी असू शकते. म्हणून हे सगळे स्पर्शाने करता येईल असा सराव आधी करा. फोनला बोलून ५ मिनिटांचा टायमर लावा. हाताने अंदाज घेत आसपासच्या टोकदार वस्तू दूर करा, डोक्याखाली मऊ कापड द्या, चष्मा काढा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. झटके थांबले की शेजारी गुडघ्यांवर बसा, पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा खांदा आणि तोच गुडघा धरून आपल्याकडे वळवा. माणूस कुशीवर येतो आणि लाळ बाहेर पडते. छातीवर तळहात ठेवून श्वास तपासत राहा.

फिट ५ मिनिटांपेक्षा लांबली, शुद्ध न येता दुसरी आली, पाण्यात आली, मार लागला किंवा श्वास नीट चालला नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

शुद्ध येताना अंधुक दिसणारा माणूस जास्त गोंधळतो. हात लावण्याआधी आपले नाव, जागा आणि काय झाले ते सांगा. पांढरी काठी होती तिथेच परत ठेवा.

७. पुढच्या पिढीचा विचार

जनुकाचे नाव मिळवण्यासाठी धडपडा. पडद्यावरचा जनुकोपचार २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, तो फक्त आरपीई६५ या जनुकातल्या दोषासाठी. नाव माहीत नसेल तर अशा उपचाराचा विचारच होत नाही. पापण्या उतरणे किंवा स्नायूंची अशक्तताही असेल तर व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध सुरू करण्यापूर्वी पीओएलजी या जनुकाची तपासणी हवी का, ते विचारा. त्या दोषात हे औषध यकृत निकामी करू शकते. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येण्याचा धोकाही मोठा असतो, म्हणून मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने औषध बदलण्याबद्दल दिवस जाण्याआधीच बोलावे, पण गोळी स्वतःहून थांबवू नये.