स्टोरेज ड्रायव्हरमध्ये लॉग संदेशाची पातळी कशी ठरवावी

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, लॉग संदेशांच्या 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत आणि आकडा जितका लहान तितका संदेश गंभीर मानला जातो. स्टोरेज ड्रायव्हरला (डिस्कशी संवाद साधणाऱ्या कोडला) बहुधा एरर (3), वॉर्निंग (4), इन्फो (6) आणि डीबग (7) या चारच पुरतात. इमर्जन्सी ही पातळी संपूर्ण यंत्रणा निकामी होण्यासाठी राखलेली असल्याने एका डिस्कसाठी ती कधीही वापरू नये.

पातळी ठरवण्यापूर्वी वाचन-लेखनाच्या त्या विनंतीचे शेवटी काय झाले, हे पाहावे. डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही, ड्रायव्हरने कमांड पुन्हा पाठवली आणि ती पूर्ण झाली, तर डेटाला धक्का लागलेला नसतो. अशा वेळी डीबग पुरे. डिस्क हाताळणारा कंट्रोलर रीसेट करावा लागला आणि त्यानंतर काम सुरळीत झाले, तर वॉर्निंग योग्य, कारण केबल किंवा फर्मवेअरमधील दोष त्यातून लवकर लक्षात येऊ शकतो. सर्व प्रयत्न संपून वरच्या थराला अपयश कळवावे लागले, तरच एरर लिहावा.

तोही लिहिण्याआधी दुसरे कोणी तेच सांगत नाही ना, हे तपासावे. कोणत्या सेक्टरवर वाचन फसले हे ब्लॉक लेयर, म्हणजे ड्रायव्हरच्या वरचा कर्नलचा थर, सहसा स्वतःच नोंदवतो. ड्रायव्हरने फक्त आपल्यालाच ठाऊक असलेला तपशील, म्हणजे कंट्रोलरचा स्टेटस कोड, द्यावा. मेमरी न मिळाल्याची नोंद कर्नल सहसा स्वतःच करतो. प्रोबच्या वेळी, म्हणजे ड्रायव्हर उपकरण सुरू करू पाहतो तेव्हा, आवश्यक क्लॉक किंवा रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) अजून तयार नसेल, तर प्रोब नंतर पुन्हा होतो, म्हणून तो एरर नव्हे. वापरकर्त्याच्या प्रोग्रामने चुकीचे आर्ग्युमेंट दिले, तर एरर कोड परत करावा. तिथे गंभीर संदेश छापल्यास कोणताही प्रोग्राम लॉग भरून टाकू शकतो.

वारंवार येणाऱ्या संदेशांची काळजी स्टोरेजमध्ये विशेष घ्यावी लागते. लॉग त्याच बिघडलेल्या डिस्कवर लिहिला जात असेल, तर प्रत्येक संदेश नवे लेखन घडवतो, ते फसते आणि पुन्हा संदेश उमटतो. म्हणून अशा जागी रेट-लिमिट असलेली, म्हणजे ठरावीक वेळेत मोजकेच संदेश छापणारी, फंक्शन्स वापरावीत. त्यांची मूळ मर्यादा 5 सेकंदांत 10 संदेश अशी असते.

शेवटी, क्वाएट (quiet) हा कर्नलचा बूट पर्याय देऊन यंत्र सुरू करावे. त्यात कन्सोलवर सहसा 0 ते 3 या पातळ्यांचेच संदेश दिसतात. सर्व डिस्क निरोगी असताना तुमच्या ड्रायव्हरची एकही ओळ तिथे उमटली, तर तिची पातळी पुन्हा तपासावी.